दोन पावसाळे पाहिलेलं काम : घरदुरुस्तीसाठी भरवशाचा ठेकेदार शोधताना

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला त्यांच्या बाथरूममध्ये नेलं, स्टुलावर उभं केलं आणि म्हणाल्या, "हात लाव." छताचा रंग पापडासारखा सुटला होता. बोटांना ओल लागली. आमचं बाथरूम नवं करून तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते. १ लाख ८० हजारांचं काम, नवी कोरी फरशी, चकचकीत नळ. आणि ते करणारा ठेकेदार आता फोन उचलत नव्हता.

पुढे दुसऱ्या माणसाकडून सगळं उकरून पुन्हा करून घ्यावं लागलं. मधल्या चार महिन्यांत मी आठ ठेकेदारांना भेटले आणि पंधराएक घरांमधली बाथरूम आणि स्वयंपाकघरं ओळख काढून बघून आले. त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. माझं उदाहरण पुण्यातल्या तीस वर्षं जुन्या इमारतीतल्या फ्लॅटचं आहे. ठाणे, नाशिक, कोल्हापूरकडच्या फ्लॅटलाही यातलं बहुतेक लागू पडेल. गावाकडच्या कौलारू घराची दुरुस्ती हा वेगळा विषय आहे, तो इथे घेत नाही.

आधी काम वहीत उतरवा

"बाथरूम नवं करायचंय" एवढंच सांगून ठेकेदाराला बोलावलं, की काय करायचं आणि काय नाही हे तोच ठरवतो. मग तीन ठेकेदारांचे तीन भाव येतात आणि तिघांनी धरलेलं काम वेगवेगळं असतं. पहिल्या वेळी आम्ही इथेच चुकलो. दुसऱ्या वेळी मी वहीत ओळीने लिहिलं: जुनी फरशी आणि कोबा (फरशीखालचा सिमेंटचा थर) काढून स्लॅब उघडा करणे, वॉटरप्रूफिंग, पाण्याची चाचणी, गरम-गार पाण्याच्या नव्या लाइनी, नहाणी ट्रॅप (जाळीखालचा, पाणी वाहून नेणारा सांधा) बदलणे, कोबा, भिंतीला सात फुटांपर्यंत टाइल्स, दाराची चौकट, गिझरची स्वतंत्र वायर, राडारोडा हलवणे. प्रत्येकाला ही एकच यादी दिली. भाव एकमेकांशी ताडून बघता आले ते त्यामुळे.

माणूस कोणता लागणार हेही यादीवरूनच कळतं. चार फरश्या बसवायच्या किंवा नळ बदलायचा तर ओळखीचा गवंडी किंवा प्लंबर रोजावर बोलवावा, ठेकेदाराची गरज नाही. पण तोडफोड, प्लंबर, गवंडी, इलेक्ट्रिशियन, सुतार, रंगारी असे पाठोपाठ लागणार असतील तर ठेकेदार घ्या. प्लंबरची लाइन तपासल्याशिवाय गवंड्याने फरशी लावायची नाही, हा क्रम सांभाळण्याचेच तर आपण त्याला पैसे देतो.

भिंत पाडायची असेल, दार रुंद करायचं असेल किंवा बाल्कनी आत घ्यायची असेल, तर ठेकेदाराआधी स्ट्रक्चरल इंजिनिअर गाठा. "ही साधी पार्टिशनची भिंत आहे मॅडम, काही होत नाही" असं ठेकेदार म्हणेल. ते सांगायचा अधिकार त्याचा नाही. घाटकोपरमध्ये २५ जुलै २०१७ रोजी एक चार मजली इमारत कोसळली आणि १७ माणसं गेली. तळमजल्यावर चाललेल्या नूतनीकरणात इमारतीच्या खांबांना धक्का लागल्याचा आरोप तेव्हा झाला होता. खांब आणि तुळई एकट्या फ्लॅटमालकाची नसते, त्यावर अख्खी इमारत उभी असते.

सोसायटीची लेखी परवानगी काम सुरू होण्याआधी घ्या. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नियमावलीनुसार, घरात फेरबदल करायचे तर कार्यकारिणीची मंजुरी लागते. बऱ्याच सोसायट्या अनामत रक्कमही ठेवून घेतात. कामाच्या वेळा, लिफ्टचा वापर, राडारोडा कुठे टाकायचा याचे नियम तेव्हाच विचारून घ्या आणि ठेकेदाराच्या कानावर घाला.

नावं कुठून काढायची

आमचा पहिला ठेकेदार नात्यातल्या एकाने सुचवला होता. "माणूस चांगला आहे" असं तो म्हणाला, आणि माणूस बोलायला खरंच चांगला होता. नंतर विचारलं तेव्हा कळलं, नातेवाइकांनी त्याच्याकडून फक्त रंगकाम करून घेतलं होतं. ओळखीतून आलेल्या प्रत्येक नावाला हा प्रश्न जरूर लावा: तुमच्याकडे त्याने नेमकं कोणतं काम केलं, आणि कोणत्या साली?

मला सगळ्यात उपयोगी पडले ते आपल्याच आणि शेजारच्या सोसायट्यांचे सेक्रेटरी. प्रत्येक नूतनीकरणाचा अर्ज त्यांच्याकडे येतो, आणि काम झाल्यावर खालच्या घराची गळतीची तक्रारही त्यांच्याकडेच येते. कोणाचं काम बिनबोभाट पार पडलं आणि कोणाच्या माणसांनी डक्टमध्ये राडारोडा टाकला, हे त्यांना ठाऊक असतं. शिवाय एकाच बिल्डरने एकाच काळात बांधलेल्या इमारतींमध्ये पाइपांची रचना आणि बाथरूमचा खाली दाबलेला स्लॅब सारखाच असतो. तिथे आधी काम केलेल्या ठेकेदाराला तुमचं घर अर्धं आधीच माहीत असतं.

दुसरी जागा म्हणजे हार्डवेअरचं दुकान. "चांगला ठेकेदार सांगा" असं विचारू नका, कारण दुकानदार आपल्या गिऱ्हाइकाचंच नाव घेणार. सकाळी गर्दी नसताना जाऊन असं विचारा, की गेली पाच-सात वर्षं सलग तुमच्याकडून माल उचलतो आणि उधारी वेळेवर चुकवतो असा कोण आहे. दुकानदाराचे पैसे थकवणारा ठेकेदार मजुरांचेही थकवतो, आणि मजुरी थकली की तुमच्या घरातली माणसं एका सकाळी येईनाशी होतात.

मोबाइल अॅपवरून आलेली नावं मी टाळली नाहीत. पण तिथले फोटो नव्या कामाचे असतात, आणि नवं काम सगळ्यांचंच छान दिसतं.

दोन पावसाळे पाहिलेलं काम बघा

या लेखातलं एकच काही करायचं असेल तर हे करा. ठेकेदाराला सांगा, "मला तुमचं दोन वर्षांपूर्वीचं काम दाखवा." गेल्या महिन्यातलं नको. वॉटरप्रूफिंग, गिलावा, बाहेरच्या भिंतीच्या भेगा, खिडकीच्या कडा या सगळ्याची परीक्षा पावसाळ्यात आणि रोजच्या वापरात होते. दोन पावसाळे गेले की लपवलेलं वर येतं. आठांपैकी तिघांनी असं काम दाखवायला या ना त्या कारणाने टाळाटाळ केली. त्यांची नावं मी तिथेच खोडली.

घरात गेल्यावर कौतुक ऐकत बसू नका. घरच्यांची परवानगी घेऊन बाथरूमच्या दाराजवळ एक तांब्या पाणी ओता आणि बघत उभे राहा. पाणी रेंगाळता कामा नये, थेट जाळीकडे गेलं पाहिजे. सात फूट लांबीच्या बाथरूमला साधारण एक इंच ढाळ लागतो. तो नसेल तर पाणी कोपऱ्यात डबकं करतं, तिथली दर्जा (दोन फरश्यांमधली फट) काळी पडते आणि हळूहळू पाणी खाली झिरपायला लागतं.

मग खिशातून रुपयाचं नाणं काढा आणि फरशीवर ठिकठिकाणी वाजवा. ठणठणीत आवाज आला तर फरशीखाली माल (सिमेंट-रेतीचं मिश्रण) पूर्ण भरलेला आहे. भद्द, पोकळ आवाज आला तर खाली हवा आहे, आणि जड बादली आपटली की ती फरशी फुटणार. एखाददुसरी पोकळ निघाली तर मी चालवून घेईन. सलग चार-पाच निघाल्या तर कारागिराने माल नुसता मधोमध टाकून फरशी दाबली आहे असं समजा.

दाराच्या चौकटीचा खालचा वीतभर भाग बघा, फुगला किंवा काळा पडला आहे का. बाथरूमच्या पाठीमागची भिंत, म्हणजे बहुधा बेडरूममधल्या कपाटाची बाजू, हाताने चाचपा. रंगाला पोपडे धरले असतील तर आतली लाइन किंवा भिंतीचा जोड गळतो आहे. स्वयंपाकघरात सिंकखालचं दार उघडा. प्लायवुडच्या कडा फुगून थर सुटले असतील, तर पाण्याच्या जागी साधा प्लाय वापरला आहे. शक्य झालं तर खालच्या मजल्यावर जाऊन बेल वाजवा. मी तीन ठिकाणी वाजवली, तिन्ही घरांतल्यांनी दार उघडलं आणि मनापासून सांगितलं. छतावर डाग असला की माणूस बोलायला तयारच असतो.

घरमालकाला "काम चांगलं झालं का?" असं विचारून उपयोग नाही, सगळे हो म्हणतात. मी हे विचारत असे: काम संपल्यावर पहिली तक्रार कोणती निघाली, आणि फोन केल्यावर तो किती दिवसांनी आला? तक्रार कुठल्याही कामात निघतेच. एका घरातल्या आजोबांनी सांगितलं, "नळाच्या मागून पाणी येत होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः आला, पैसे मागितले नाहीत." आमचं दुसरं काम शेवटी त्याच ठेकेदाराने केलं.

जुन्या कामासोबत एक चालू साइटही बघा, तीही न कळवता. सिमेंटच्या गोण्या जमिनीवर टेकवलेल्या आहेत की फळ्यांवर? गोणीवर उत्पादनाचा आठवडा आणि साल छापलेलं असतं. तीन महिन्यांहून जुनं सिमेंट असेल तर तो माणूस कुठला तरी पडून राहिलेला माल संपवतो आहे. गिलाव्यावर पाणी मारलं जातंय का हेही बघा. कारागिरांशी दोन शब्द बोला. दोन-चार वर्षं त्याच ठेकेदाराकडे टिकलेली माणसं असतील तर फारच चांगलं. रोज मजूर अड्ड्यावरून नवी माणसं उचलणाऱ्याच्या कामात एकसारखेपणा येत नाही.

पहिली भेट

आमच्या दुसऱ्या ठेकेदाराने घरात पाऊल टाकताच विचारलं, "ताई, आधी खालचं घर बघू या का?" काकूंच्या छतावरचा डाग नेमका कुठे आहे हे त्याने पाहिलं, त्याची जागा आमच्या बाथरूममध्ये टेपने मोजून काढली आणि नहाणी ट्रॅपवर बोट ठेवलं. भाव त्या दिवशी सांगितला नाही. मापं वहीत घेतली, दोन दिवस मागितले. आधीच्या ठेकेदाराने दारातूनच नजर फिरवून "एक ऐंशी होतील" असं सांगून टाकलं होतं.

चांगला माणूस तुम्हाला प्रश्न विचारतो: पाणी किती वाजता येतं, घरात म्हातारं माणूस आहे का, काम चालू असताना तुम्ही इथेच राहणार का, दुसरं बाथरूम आहे का. तो एखाद्या गोष्टीला नाहीसुद्धा म्हणतो. मला कमोडची जागा समोरच्या भिंतीला हवी होती. त्याने सांगितलं, पाइपला ढाळ मिळणार नाही, तुंबेल. बाकीचे सगळे "करून देऊ" म्हणाले होते.

आणखी एक गोष्ट बायकांना मुद्दाम सांगते. "साहेब कधी असतात, त्यांच्याशी बोलतो" असं म्हणणारे दोघे भेटले. घरात दिवसभर कामावर लक्ष मी ठेवणार होते. माझं ऐकायची ज्याची तयारी नाही त्याला काम द्यायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं.

त्याच भेटीत विचारून घ्या: माझ्या कामावर रोज कोण मिस्त्री असेल, सध्या तुमच्या किती साइट चालू आहेत, कारागिरांचा विमा आहे का, इलेक्ट्रिकचं काम परवानाधारकाकडून होणार का. कारागीर गावी कधी जाणार हेही विचारा. दिवाळी-छठ, होळी आणि पेरणीचा जून या काळात पुण्या-मुंबईतल्या साइट ओस पडतात. दसऱ्याला काम सुरू करून "दिवाळीआधी देतो" असं जो म्हणेल, त्याला माणसं कुठून आणणार ते तारखेसकट विचारा.

कोटेशन वाचायचं कसं

"बाथरूम पूर्ण, मटेरियलसकट, १,८०,०००." आमचं पहिलं कोटेशन एवढंच होतं, तेही व्हॉट्सअॅपवर. यात काय येतं आणि काय नाही याचा वाद शेवटच्या दिवसापर्यंत चालला.

असलं पाहिजे ते असं: "भिंतीच्या टाइल्स बसवणे, २०० चौ. फूट, दर अमुक, टाइल्स मालकाच्या, सिमेंट-रेती-अॅडहेसिव्ह ठेकेदाराचं, दर्जा इपॉक्सी ग्राउटने (फटी भरायच्या पक्क्या लांबीने)." प्रत्येक ओळीत काम, परिमाण, दर, सामान कोणाचं आणि कोणत्या कंपनीचं. फरशी चौरस फुटावर, पाइप आणि ओट्याची कड रनिंग फुटावर, नळजोडण्या नगावर. आणि पैसे प्रत्यक्ष मोजमापावर दिले जातील असं एक वाक्य खाली हवंच.

सामानाच्या ओळीत "चांगल्या प्रतीचं" हा शब्द दिसला तर तो खोडून घ्या, त्याला काही अर्थ नाही. पाण्याजवळच्या फर्निचरला आयएस ७१० (आयएस म्हणजे भारतीय मानक) चा प्लाय, वायरला आयएस ६९४, गिझरला ४ चौरस मिलिमीटरची वेगळी वायर, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), गरम पाण्याला सीपीव्हीसी पाइप असं लिहा. आयएसआय शिक्क्यासोबतचा परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' अॅपवर टाकून बघता येतो.

टाइल्स, नळ, कमोड, सिंक मी स्वतः दुकानातून घेतलं. सिमेंट, रेती, केमिकल, पाइप त्याच्याकडे ठेवले. सगळंच आपण आणायला गेलो तर रोज "ताई, दोन एल्बो कमी पडले" म्हणून काम थांबतं, आणि काही बिघडलं की दोष तुमच्या सामानावर येतो. टाइल्स घेताना खोक्यांवरचा बॅच आणि शेड नंबर एकच आहे ना ते बघा. गरजेपेक्षा आठ-दहा टक्के जास्त घ्या, दोन-चार कायमच्या माळ्यावर ठेवायला.

जीएसटी लावणार असेल तर नंबर मागा. महाराष्ट्रातला नंबर २७ ने सुरू होतो, पुढची दहा अक्षरं त्याच्या पॅनची असतात, आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर तो फुकट तपासता येतो. छोट्या ठेकेदाराची नोंदणी नसू शकते, तेवढ्यावरून तो वाईट ठरत नाही. पण नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावणाऱ्याला तिथेच थांबवा. सगळं रोखीत मागणाऱ्यालाही मी नाही म्हटलं. बँकेतून गेलेला पैसा हा पुढे तुमचा पुरावा असतो.

सगळ्यात कमी भाव देणाऱ्याने कोणती ओळ गाळली आहे ते शोधा. आमच्याकडे सगळ्यात स्वस्त कोटेशनमध्ये जुना कोबा काढणं नव्हतं. जुन्यावरच नवी फरशी चढवायची होती. म्हणजे गळती तशीच राहणार होती.

पैसे कधी, किती

पहिल्या ठेकेदाराला पहिल्याच दिवशी आम्ही १ लाख ८ हजार दिले, ६० टक्के. बाराव्या दिवशी त्याची माणसं दुसऱ्या साइटवर गेली आणि नऊ दिवस फिरकली नाहीत. आमच्या हातात त्याला बोलवायला काही उरलंच नव्हतं. मग घाईघाईत काम उरकलं, पाण्याची चाचणी झाली नाही. नंतर फोडल्यावर दिसलं, की नहाणी ट्रॅपभोवती नुसतं सिमेंट थापलं होतं, केमिकलचा कोट भिंतीवर चार इंचसुद्धा चढवला नव्हता, आणि कोब्यात आमच्याच जुन्या फरशीचे तुकडे भरले होते, हलवायचा खर्च वाचावा म्हणून.

दुसऱ्या वेळी हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधले. २ लाख १० हजारांपैकी १० टक्के विसार. सिमेंट-रेती-केमिकल साइटवर उतरल्यावर १५. स्लॅबवरच्या वॉटरप्रूफिंगची पाण्याची चाचणी पास झाल्यावर २५. प्लंबिंग, कोबा आणि दुसरी चाचणी झाल्यावर २०. टाइल्स पूर्ण झाल्यावर २०. नळ, कमोड बसून सफाई झाल्यावर ५. उरलेले ५ टक्के पावसाळा संपल्यावर. शेवटच्या ओळीवर तो थोडा थबकला, मग म्हणाला, "चालेल, मला माझ्या कामाची खात्री आहे." ज्यांना खात्री नव्हती त्यांनी याच अटीवर काम सोडलं होतं.

हे सगळं साध्या कागदावर, दोघांच्या सह्या आणि तारखेसह लिहा. जादा काम निघालं तर आधी दर ठरवून त्याच कागदावर चढवायचं, तोंडी हो नाही म्हणायचं.

काम चालू असताना

पाण्याची चाचणी तुमच्या डोळ्यांसमोर व्हावी. जाळी कापड आणि सिमेंटने बंद करायची, दोन इंच पाणी भरायचं, पातळीवर भिंतीला पेन्सिलची रेघ मारायची आणि ४८ तास थांबायचं. मग खालच्या घरात जाऊन बघायचं. पाइपांची चाचणी भिंतीतल्या झिऱ्या (पाइपांसाठी खोदलेल्या चरी) बुजवण्याआधी पंप लावून होते. काटा खाली सरकला की कुठे तरी जोड सैल आहे.

झिऱ्या बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो, शेजारी टेप धरून, काढून ठेवा. पुढे कधी खिळा ठोकायचा झाला तर पाइप कुठे आहे ते कळेल. वायरिंगचेही तसेच फोटो काढा. रोज संध्याकाळी दहा मिनिटं फेरी मारून दिसलेलं त्याच दिवशी बोला, फरशी लागल्यावर बोलण्यात अर्थ नसतो. आणि कारागिरांना प्यायला पाणी, चहा, वापरायला शौचालय द्या. आपल्या घरासाठी घाम गाळणाऱ्या माणसाला एवढं मिळालंच पाहिजे.

बिनसलं तर

आधी लेखी कळवा, फोटो आणि तारीख घालून. उत्तर नाही आलं तर स्पीड पोस्टाने नोटीस. महारेराकडे हे प्रकरण जात नाही, तिथे बिल्डरच्या विक्रीच्या प्रकल्पांच्या तक्रारी चालतात. घरदुरुस्ती ही पैसे देऊन घेतलेली सेवा आहे, त्यामुळे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ऑनलाइनही. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा. आम्ही पहिल्या ठेकेदाराविरुद्ध काही करू शकलो नाही, कारण आमच्याकडे ना करार होता ना नीट बिल, आणि अर्धे पैसे रोखीत गेले होते.

दुसऱ्या कामानंतरचा पावसाळा संपला तशी मी ऑक्टोबरमध्ये काकूंकडे गेले, त्याच स्टुलावर चढले आणि छताला हात लावला. कोरडं होतं. त्याच संध्याकाळी राहिलेले १०,५०० रुपये ठेकेदाराच्या खात्यावर पाठवले. तो दुसऱ्या दिवशी येऊन कागदावर "पूर्ण हिशोब मिळाला, गळतीची जबाबदारी पाच वर्षं" असं लिहून सही करून गेला. शेवटचा हप्ता देताना तुम्हीही तो कागद आणि वॉटरप्रूफिंगच्या केमिकलचं बिल मागून घ्या, आणि दोन्ही फ्लॅटच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये लावा.